चुंबक बळकट, भिंत भुसभुशीत

मागच्या अंकात नळाच्या वॉशरबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य निसटलं, की आमच्या घरी चाकू भिंतीवरच्या चुंबकी पट्टीला असतात. वॉशर राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी पट्टीची. मी सदतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. पोलाद आणि चुंबक या दोन्हींशी रोजचा संबंध होता. पण स्वयंपाकघर हे काही माझं खातं नाही. म्हणून छापायला द्यायच्या आधी ही उत्तरं घरात वाचून दाखवली, आणि दोन ठिकाणी खाडाखोड करावी लागली. त्या दोन्ही जागा मी लपवलेल्या नाहीत.

प्रश्न : अण्णा, आमचा अनगोळला फ्लॅट आहे. कट्ट्याखालच्या ड्रॉवरात चाकू, सोलणी, किसणी, चिमटा, लायटर सगळं एकत्र पडलेलं असतं. गेल्या महिन्यात लिंबू चिरायला म्हणून न बघता हात घातला आणि बोटाला दोन टाके पडले. ह्यांनी चुंबकी पट्टी आणली. सासूबाई म्हणतात, भिंतीवर उघडी सुरी नको, घरात भांडणं होतात. पट्टी पंधरा दिवस खोक्यातच आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. लावू की नको? (एक सून, अनगोळ)

उत्तर : भांडणाचं मला ठाऊक नाही, पण सासूबाईंचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका. त्या ज्या घरात वाढल्या तिथं काम झालं की इळी मांडणीखाली आडवी जायची, पातं भिंतीकडं. कोयता वर वाशाला खोचलेला असायचा. आणि रांगतं पोर घरभर फिरायचं. उघडं पातं नजरेसमोर नको, हा नियम अशा घरातून आलेला आहे. पोराला 'हात कापेल' म्हटलं तर ते हात लावून बघतं, म्हणून 'भांडणं होतात' असं सांगायची पद्धत पडली असावी.

आमच्याकडं पट्टी लावली तेव्हा आई होती. तिनं बघितलं आणि विचारलं, "भिंतीला काय चाकू लावायलास रे? खाटकाचं दुकान काय हे?" पुढं दोन महिने ती त्या भिंतीकडं पाठ करून, जमिनीवर बसून, इळीवरच भाजी चिरायची. मग खंडेनवमी आली. दरवर्षी मी पाने, मायक्रोमीटर, व्हर्नियर पाटावर मांडायचो आणि ती सुऱ्या, इळी, अडकित्ता आणून शेजारी ठेवायची. त्या वर्षी तिनं सुऱ्या उतरवल्याच नाहीत. सरळ भिंतीपाशी गेली आणि पट्टीसकट सगळ्यांना हळदकुंकू लावून आली. विषय संपला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लोहाराकडच्या सुरीवर कुंकवाच्या टिळ्याखाली तांबूस डाग उमटला होता, तो अजून आहे. ओलं कुंकू साध्या पोलादावर राहिलं की गंज धरणारच. पूजा झाली की संध्याकाळी पुसून घेत चला.

आता तुमच्या पट्टीचं. मी आधी लिहिलं होतं की जमिनीपासून पाच फुटांवर लावा, मुलीचा हात पोचणार नाही. घरात वाचलं तेव्हा विचारणा झाली, "पोर कट्ट्यावर चढलं की पाच फुटांचे किती राहतात?" बरोबर आहे. कट्टाच पावणेतीन फूट असतो. वर चढलेल्या पोराच्या हाताला पोचणार नाही अशी जागा शोधली, तर ती तुमच्याही हाताला पोचत नाही. म्हणून ही खाडाखोड. मुलगी शाळेत रुळेपर्यंत पट्टी भिंतीवर नको, वरच्या कपाटाच्या आत लावा. आतल्या बाजूच्या उभ्या फळीवर, दारावर नव्हे. दार आपटलं की चाकू सुटून खाली येतो. कपाटाचं प्लाय सहसा अठरा मिलिमीटरचं असतं, त्यात जेमतेम बारा मिलिमीटर आत शिरेल एवढाच स्क्रू घ्या, नाहीतर टोक पलीकडून बाहेर येईल. दाराला बाहेरून लहान मुलांसाठीची कडी लावा. पातं झाकलेलं राहतं म्हणून सासूबाईही हरकत घेणार नाहीत, आणि तुमचा हात न बघता पात्यावर जाणार नाही. टाके पडले ते चाकू धारदार होता म्हणून नाही, तो दिसत नव्हता म्हणून.

चाकू लावायची आणि काढायची एक रीत आहे, खोक्यावर ती कुणी छापत नाही. लावताना पात्याची पाठ, म्हणजे धार नसलेली कड, आधी पट्टीला टेकवायची आणि मग पातं हळूच आडवं पाडायचं. काढताना उलट, मुठीला जरा पीळ देऊन धारेची बाजू आधी सोडवायची, पाठ शेवटी. सरळ खेचला किंवा पट्टीवरून घासत नेला तर धार जाते आणि पट्टीवर चरे पडतात. मूठ खाली, टोक वर, आणि सगळ्या धारा एकाच दिशेला. हात मुठीकडं जाताना पात्यावरून जाऊ नये एवढाच हिशेब.

प्रश्न : जांबोटीच्या पुढं आमचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, वर गिलावा. मुलानं बेळगावहून चुंबकी पट्टी आणून दोन स्क्रूवर बसवली. पंधरा दिवस छान होती. मग एका रात्री पट्टी, चाकू आणि हातभर गिलावा असं सगळं मिळून खाली आलं. शिवाय पावसाळ्यात चाकूंना गंज धरतो, आणि कोयता तर ती धरतच नाही. फसवलं का आम्हाला? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : पट्टीनं नाही फसवलं, भिंतीनं. तुम्हाला वाटतं की चार चाकूंचं वजन, किलोभरसुद्धा नाही, ते काय भिंत पाडणार? पण भिंतीवर येतो तो भार वजनाचा नसतो, ओढण्याचा असतो. चुंबक चाकूला जितक्या जोरानं धरतं तितक्याच जोरानं, तुम्ही चाकू काढताना, पट्टी भिंतीपासून ओढली जाते. सकाळच्या चहाच्या आल्यापासून रात्रीच्या कांद्यापर्यंत किती वेळा चाकू निघतो ते मोजा. प्रत्येक वेळी स्क्रूला एक हिसका. मातीत बसवलेली प्लॅस्टिकची गिट्टी प्रत्येक हिसक्याला केसभर सैल होते, आणि आषाढात तीच माती ओल धरून मऊ पडते. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूचा पाऊस मी बघितलेला आहे. तिथं जून ते सप्टेंबर भिंतीवर नुसता हात ठेवला तरी तळवा ओला होतो.

मातीच्या भिंतीत स्क्रू मारू नका, हे साधं उत्तर. तुमच्या घरात लाकूड भरपूर असणार. मधला खांब, दाराची चौकट, मांडणीची बाजू, यांपैकी जे हातापाशी असेल त्यावर पट्टी बसवा. लाकडात गिट्टी लागत नाही. आधी बारीक भोक पाडून घ्या म्हणजे जुनं फणसाचं किंवा सागाचं लाकूड उलणार नाही. खांब रुंदीला अपुरा असेल तर पट्टी उभी लावा. उभ्या पट्टीवर चाकू आडवे राहतात, जरा विचित्र दिसतं, काम होतं. अशा पट्टीवर धारा खालच्या बाजूला ठेवा आणि खाली कुणाचं डोकं जाणार नाही हे बघा.

चिऱ्याची भिंत असती तर गोष्ट वेगळी होती. चिरा चांगला, पण सच्छिद्र आणि कोरायला मऊ, त्यामुळं भोक वाजवीपेक्षा मोठं होतं आणि गिट्टी नुसती गरगर फिरते. तिथं लांब गिट्टी, भोकातली धूळ फुंकून काढून सिमेंटच्या पातळ लगद्यात बसवायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. शहरातल्या टाइलच्या भिंतीसाठीही दोन शब्द सांगतो, कारण तीन पत्रं त्याबद्दल आहेत. टाइलवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल ओलांडेपर्यंत ड्रिलचा हातोडा बंद ठेवा. आणि सॉकेटच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आत वायर किंवा पाइप उभी गेलेली असते. दुहेरी चिकट टेपवर पट्टी लावायच्या भानगडीत पडू नका. फोडणीची वाफ टेपला महिना-दोन महिन्यांत सोडवते, आणि पट्टी पडते ती नेमकी चाकूंसकट.

आता कोयता. तो धरत नाही यात नवल नाही. चुंबकाची पकड अंतराबरोबर झपाट्यानं उतरते. सुरीचं पातं सपाट, सगळं पट्टीला टेकतं. तुमचा कोयता लोहारानं ठोकून घडवलेला, पोटाला फुगीर, टोकाला वळलेला. तो पट्टीला एखाद्या रेघेवरच टेकतो, बाकी सगळीकडं फट. त्यात वजन. आणि फणस फोडला असेल तर वर चीक आणि तेल. टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरला, म्हणजे फिरत्या चाकानं लोखंड घासून सपाट करणाऱ्या मशीनला, चुंबकी चक असते. जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, तिच्यावर नुसता ठेवायचा आणि चुंबक चालू करायचं. जॉब वर उचलायला गेलात तर दोघांना हलत नाही. पण बाजूनं ढकलला तर सरकतो, तेलकट असला तर फारच. म्हणून प्रत्येक जॉबला पुढून-मागून लोखंडी अडण लावायची शिस्त असते. मी नवीन होतो तेव्हा एकदा ती लावली नाही. जॉब उडाला आणि पत्र्याच्या कपाटात रुतला. तिथं कुणी उभं नव्हतं, एवढं माझं नशीब. भिंतीवरच्या पट्टीचंही तसंच आहे. चाकू खाली घसरू नये ही जबाबदारी चुंबकाची थोडी आणि कोरड्या पृष्ठभागाच्या घर्षणाची जास्त. कोयता जुन्या जागी, वाशाला खोचून राहू दे.

गंजाचं कारण पट्टी नाही, उलट पट्टीवर चाकूला सगळीकडून वारा लागतो. लाकडी ठोकळ्याच्या खाचेत ओल कोंडते तशी इथं कोंडत नाही. पण चाकू पुसून, कोरडा करूनच लावायला हवा. ओला चाकू पट्टीला लावला की पातं आणि पट्टी यांच्यामध्ये पाण्याचा थर अडकतो आणि नेमका तिथंच लांबट डाग पडतो. स्वस्त पट्टीच्या लोखंडी कडाही गंजतात आणि तो गंज पात्याला लागतो, हेही तपासा. लोहाराकडच्या सुरीला पावसाळाभर तेलाचा हात लागतो. मी इथं मशीनचं तेल असं लिहिलं होतं. "लोकांना त्यानं कांदा चिरायचा आहे," असं उत्तर आलं. तेव्हा खोबरेल तेल, बोटावर थेंबभर घेऊन, पुसल्यासारखं. जास्त लावलं तर चाकू घसरेल, वर सांगितलंच आहे.

प्रश्न : निपाणीच्या बाजारातून पट्टी घेतली. सहा चाकूंपैकी चारच चिकटतात. एक रंगीत पांढरा चाकू आणि एक चकचकीत स्टीलचा, हे दोन्ही खाली पडतात. भांडीवाली तर म्हणते, चुंबक चिकटत नाही तेच अस्सल स्टील. मग चिकटणारे चार चाकू खोटे का? (एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : भांडीवालीचं म्हणणं ताट-वाटीपुरतं ठीक, चाकूला लावू नका. ताट-वाटीच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळं त्याची आतली रचना अशी होते की चुंबक धरत नाही. हे स्टील सहजासहजी गंजत नाही, दाबून वाटी करायला सोपं, पण तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. म्हणजे धार टिकत नाही. चाकूचं स्टील वेगळं, क्रोमियम साधारण 13 टक्के, निकेल जवळपास नाही, वर कार्बन. ते पाणी दिलं की कडक होतं आणि चुंबकाला चिकटतं. चाकूच्या बाबतीत चिकटणारा तोच कामाचा. तुमचा तो चकचकीत न चिकटणारा चाकू बहुधा ताटाच्या जातीच्या स्टीलचा आहे. टोमॅटो चिरताना आधी चेंदतो का, बघा.

पांढरा चाकू सिरॅमिकचा असणार. त्यात लोखंडच नाही, त्याला कुठलंच चुंबक धरणार नाही. पडला तर फुटतो, तेव्हा तो त्याच्या म्यानात, ड्रॉवरात ठेवा. दुकानात जाताना फ्रिजवरचं एखादं चुंबक खिशात टाकून न्या, चाकू घेताना पात्याला लावून बघा. मुठीला नव्हे.

आणखी एक. पट्टीवर राहून चाकू स्वतः थोडा चुंबक होतो. खाण्यात त्यानं काही होत नाही, पण सायकलवरचा शिकलगार धार लावून गेला की सानेवरची लोखंडी पूड पात्याला चिकटून राहते. नुसतं पाण्याखाली धरून ती जात नाही. ओल्या फडक्यानं पाठीकडून धारेकडं दोनदा पुसा, फडकं धुवा, मग कोथिंबीर चिरा.

प्रश्न : ह्यांना पेसमेकर बसवलेला आहे. स्वयंपाकघरात अशी पट्टी चालेल का? (एक वाचक, शहापूर)

उत्तर : भिंतीवरची पट्टी दूर असली तर चालते. पेसमेकरच्या अगदी जवळ जोरदार चुंबक आलं तर तो आपली नेहमीची रीत सोडून ठरावीक ठोक्यावर चालू लागतो, चुंबक दूर गेलं की पूर्ववत होतो. हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर चुंबक जवळ असेपर्यंत ते झटका देणं थांबवतं, आणि ते जास्त धोक्याचं. कुठलंही चुंबक छातीपासून किमान 15 सेंटिमीटर लांब असावं, असं या यंत्रांबरोबर सांगितलेलं असतं. तेव्हा छातीच्या उंचीवर, जिथं टेकून ते उभे राहतात तिथं पट्टी नको. सुटं चुंबक शर्टाच्या खिशात तर कधीच नको. यंत्राचं कार्ड घेऊन त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. माझ्या उत्तरावर थांबू नका.

प्रश्न : मी मच्छ्याला वर्कशॉपमध्ये आहे. भंगारात जुन्या स्पीकरची चार गोल चुंबकं मिळाली आहेत. त्यांचीच पट्टी करावी म्हणतो. कशी करू? (एक टर्नर, मच्छे)

उत्तर : हे पत्र वाचून मला बरं वाटलं. स्पीकरची काळी गोल चुंबकं म्हणजे फेराइट. कपबशीसारखी ठिसूळ असतात, आणि दोन चुंबकं एकमेकांकडं उडी मारून आपटली की टवके उडतात. मध्ये बोट असेल तर बोटाचाही. त्यांना भोक पाडायला जाऊ नका. कुणी जुन्या हार्ड डिस्कमधली चपटी, चकचकीत चुंबकं दिली तर ती निओडिमियमची. आकारानं लहान, ताकदीला कितीतरी पट. पण नेहमीच्या जातीची 80 अंशांच्या वर तापली तर ताकद कायमची गमावतात, आणि वरचा मुलामा उडाला की गंजून पूड होते. ती कापायची किंवा घासायची अजिबात नाहीत, त्यांची पूड पेट घेते. हीच 80 अंशांची गोष्ट शेगडीमागं पट्टी लावायला निघालेल्या सगळ्यांनीही वाचावी.

पाठीला तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी घ्या. तिच्यावर चुंबकं ओळीनं बसवा, एकाचं उत्तर तोंड वर तर पुढच्याचं दक्षिण. कुठलं कुठं हे ओळखायला, आधीच्या चुंबकावर पुढचं वरून धरून बघा. ज्या तोंडानं ते ओढलं जातं ते तोंड वर ठेवायचं. उलटसुलट लावली की चुंबकाचा जोर पाठच्या लोखंडातून वळून सगळा पुढं येतो. सगळी एकाच तोंडानं लावलीत तर निम्मी मेहनत वाया. अ‍ॅरल्डाइटनं चिकटवा, रात्रभर शिकंज्यात हलकं धरून ठेवा. पुढून फणसाची किंवा सागाची फळी, मागून चुंबकांसाठी खोबणी कोरून. खोबणीपुढं लाकूड दोन मिलिमीटर उरलं पाहिजे, जास्त नाही. फेराइटला तेवढंच झेपतं. हे चार-पाच मिलिमीटर ठेवून पट्टी केलेली मी बघितली आहे. तिच्यावर फक्त सोलणी टिकली.

उरलेली सुटी चुंबकं घरात पोराच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याला मधे चिमटा बसतो. असं झालंच तर वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पट्टी तयार झाली की लगेच चाकू लावून निघून जाऊ नका. घरातला सगळ्यात जड चाकू लावा, खाली कट्ट्यावर जाड गोणपाट टाका, आणि मिक्सर चालू करा. सुकं खोबरं असेल तर उत्तम, कट्टा चांगला थरथरतो. पेन्सिलीनं चाकूच्या टोकापाशी खूण करून ठेवा. चटणी होईपर्यंत टोक खुणेखाली आलं, तर पट्टी उतरवा आणि लाकूड आणखी अर्धा मिलिमीटर तासा.